रत्नाकरदादांचा मुहूर्त

रत्नाकरदादांच्या खिशात स्क्रूड्रायव्हर असतो. लग्नाला, मुंजीला, अगदी तेराव्यालासुद्धा. हिंदी मुलखातल्या आमच्या दीक्षितपुऱ्यातली मराठी मंडळी त्यांना कंप्यूटरवाले काका म्हणतात आणि ते ऐकलं की माझं डोकं सणकतं. पण ते माझे सख्खे मोठे भाऊ. त्यामुळे पंचवीस वर्षं ऐकून घेतो आहे.

त्यांची लायकी म्हणाल तर एवढीच. सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळत असताना एकदा साहेबांचा कंप्यूटर अडला. दादांनी घाबरत घाबरत तो बंद करून पुन्हा चालू केला आणि तो चालला. साहेब "शाबास" म्हणाले. त्या एका शाबासकीवर हा माणूस आजतागायत मिरवतो आहे. नात्यात कुणालाही कंप्यूटर घ्यायचा असला की सुटे भाग दादाच निवडणार, दादाच जोडणार. वर मशीनच्या मूळ सेटिंगला, ज्याला बायोस म्हणतात, स्वतःचा पासवर्ड घालून ठेवणार. मग घड्याळ जरी मागे पडलं तरी दादांना बोलवा, जेवू घाला आणि "हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही" हे ऐकत बसा.

माझी मुलगी अपूर्वा सिहोऱ्याच्या एका शाळेत शिकवते. चार वर्षं झाली, पहाटे बस, संध्याकाळी बस. आली की पाय चोळत बसते. यंदा तिला घरून करायच्या नोकरीसाठी बोलावणं आलं. चाचणी घरच्याच कंप्यूटरवर, कॅमेऱ्यासमोर, रविवारी दुपारी तीनला. संधी एकदाच. पास झाली असती तर सिहोरा कायमचा सुटला असता.

त्यासाठी मागवलेल्या नव्या कंप्यूटरचे सुटे भाग बुधवारीच आले. अपूर्वा म्हणाली, "काका, आजच जोडून चालू करू ना."

"काहून घाई करून राहिली? जोडतो शनिवारी. रविवारी अकराचा मुहूर्त आहे. पूजेशिवाय मशीन चालू नाही करत."

मी मनात दोन शिव्या हासडल्या आणि तोंडाने म्हणालो, "ठीक आहे, रविवारी तर रविवारी."

रविवारी अकराला पूजा मांडली. नव्या कॅबिनेटचं चालू करायचं बटन वरच्या बाजूला होतं. दादांनी त्यावर हळदकुंकू वाहिलं, ओल्या कुंकवातल्या अक्षता मूठभर टाकल्या आणि घरात मोठे म्हणून बटनही स्वतःच दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या. चार-पाच सेकंदांत सगळं बंद. दादांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"बायोसची गडबड आहे," दादांनी निदान केलं. पण बायोसचं पान उघडायच्या आत मशीन बंद व्हायचं. मग मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काढून त्यांनी सगळी सेटिंग पुसली, बॅटरी परत लावली, घाम पुसला. काडीचा फरक पडला नाही.

अपूर्वा वाकून बघत होती. "काका, बटन पुरतं वर येतच नाहीये. दबा हुआ लग रहा है. बटन दाबून धरलं की मशीन आपोआप बंद होतं ना?"

"बटनाचं काय घेऊन बसली! हा मदरबोर्डचा मामला आहे. श्रीकांत, समजव बापा हिला."

आणि मी समजावलं. ज्या माणसाला इतकी वर्षं मनातल्या मनात दीडशहाणा म्हणत आलो, त्याच्यासाठी मी माझ्या मुलीवर डोळे वटारले. "तू चूप बस. काकांना काम करू दे."

ती मागे सरकली. दीड वाजता दादांनी मदरबोर्ड मेल्याचं जाहीर केलं. तो सोडवला, पिशवीत घातला आणि स्कूटरवरून दुकानाकडे निघून गेले.

तीन वाजले. अपूर्वा पोकळ कॅबिनेटसमोर नुसती बसली होती. सव्वातीनला तिने बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि बटनाच्या फटीत घातली. तांदळाचा एक लाल दाणा बाहेर आला. बटन टक्कन वर आलं. तिने तो दाणा माझ्या तळहातावर ठेवला आणि आत निघून गेली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पाचला दादा आले, छाती फुगवून. दुकानात, तिथल्या बटनावर, बोर्ड सुरळीत चालला होता. "जिवंत करून आणला!" असं म्हणत त्यांनी तो बसवला. बटन दाबलं, मशीन चालू झालं ते चालूच राहिलं. दादांनी लगेच बायोसला पासवर्ड घातला. दाणा माझ्या मुठीत होता. मी मूठ उघडली नाही.

सोमवारी पहाटे अपूर्वा सिहोऱ्याच्या बसला निघाली. डबा मी दिला. तिने माझ्याकडे न बघता घेतला.

ती कोपऱ्यावर वळते न वळते तोच दादांचा फोन आला. "श्रीकांत, पुढच्या रविवारी सराफ्यात आपल्या मावसबहिणीकडे, शर्मिलाकडे, नवीन मशीन बसवून राहिलो. अक्षता घेऊन येशील ना?"

"आणतो, दादा," मी म्हणालो.