घरपोच मत

आमच्या घरात निवडणुकीचा सगळा उत्साह एकट्या आबांकडे होता. आबा म्हणजे माझे वडील, वय सत्त्याऐंशी. कल्याण पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं राहतो: आबा, मी आणि माझी वीस वर्षांची मुलगी. दाराखालून आत सरकवलेलं प्रत्येक पक्षाचं पत्रक आबा भिंग लावून वाचायचे आणि कोणी काय कबूल केलंय ते मी पोळ्या लाटत असताना मला ऐकवायचे. मुलगी त्याच पत्रकांवर शेंगांची टरफलं टाकायची. तिचं हे पहिलंच मतदान. "सगळे सेम आहेत मम्मी, लाइन लावून काय मिळणारे?" असं ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायची. खाली प्रचाराच्या रिक्षा भोंगे लावून फिरत होत्या, वर हे दोघं, आणि मध्ये लाटणं घेऊन मी.

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. नवरा गेल्यापासून घराचं सगळं मीच बघते आणि बघता बघता माझा आवाज चढलाय. गेल्या वर्षी आबा जिन्यात पडले. हाड मोडलं नाही, पण मी धसका घेतला. आधी त्यांचं सकाळचं फिरणं बंद केलं, मग दूध आणायला जाणं बंद केलं. शेवटी, ठाण्याला ऑफिसला निघताना बाहेरून कडी लावायला लागले. काही लागलंच तर शेजारच्या वहिनी उघडणार, असं ठरवलं. आबा कशालाच नाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर निदान भांडता आलं असतं.

मतदार यादीचं काम करणाऱ्या एक शिक्षिका घरी आल्या तेव्हा आबा झोपले होते. पंच्याऐंशीच्या वरच्यांना आता घरीच मत देता येतं, अर्ज भरून द्या, असं त्यांनी सांगितलं. मला हायसं वाटलं. तीन जिने, ऊन, गर्दी, सगळंच टळणार होतं. त्याच आठवड्यात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. मी तो अर्ज त्या कागदांत ठेवला आणि एकेका कागदावर बोट ठेवत गेले. आबा सही करत गेले.

"हे सगळं पेन्शनचंच ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. ऑफिसला उशीर होत होता आणि समजावत बसायचा कंटाळा आला होता.

मंगळवारी मतदान घ्यायला घरी माणसं येणार, असा फोन आला तेव्हा आबांना कळलं. त्यांनी भिंग पुसून चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि म्हणाले, "मी शाळेत जाऊन देणार आहे." मी त्या शिक्षिकेकडे धावले. "ताई, आता यादीत त्यांच्या नावापुढे खूण पडली," त्या म्हणाल्या. "केंद्रावर त्यांना नाही देता येणार. घरीच द्यावं लागेल." मी परोपरीने विनवलं. त्यांच्या हातात काही नव्हतं, आणि माझ्या तर नव्हतंच.

मंगळवारी पाच माणसं आमच्या खोलीत मावली. एक कॅमेरावाला, एक पोलीस, बाकीचे कागदपत्रं सांभाळणारे. लोणच्याची बरणी बाजूला सारून त्यांनी टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. आबांनी सगळ्यांना पाणी द्यायला लावलं आणि हात जोडले. "एवढे जिने चढून आलात, माफ करा. मी इथे देणार नाही." त्यांच्यातल्या मुख्य साहेबांनी नियम समजावला. आबांनी तो नीट ऐकून घेतला आणि पुन्हा हात जोडले. गुरुवारी ती माणसं परत आली, तेव्हाही हेच. हा शेवटचा फेरा, असं सांगून ते गेले.

मग मी ओरडले. "आजवर एक मत चुकवलं नाहीत तुम्ही. आता हट्टापायी घालवलंत. मत मोठं की रांग?"

"तू ओरडू नकोस," आबा म्हणाले. "पहिल्या निवडणुकीला माझे वडील मला बरोबर घेऊन गेले होते. साताऱ्याकडचं आमचं गाव. देवळाच्या पायरीलाही आम्हाला उभं राहू देत नसत. त्या दिवशी शाळेसमोर रांग लागली. वडील पुढे होते आणि त्यांच्या मागे पाटील. आधी आला तो पुढे. उन्हात दोघंही सारखेच घामाघूम. वडिलांनी एकदा मागे वळून बघितलं, मग मुद्दाम सावकाश चालले. मत कुणाला दिलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. रांगेचं मात्र मरेपर्यंत सांगत होते."

ही गोष्ट मी याआधी ऐकली नव्हती. कधी विचारलीच नव्हती. मुलीने कानातले इयरफोन काढून ठेवले होते.

मतदानाच्या दिवशी तीच म्हणाली, "मी नेते आजोबाला." आबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. प्रत्येक मजल्यावर बसत आम्ही उतरलो. मी मागून प्लास्टिकचं स्टूल घेऊन चालत होते. शाळेच्या फाटकात स्वयंसेवक चाकांची खुर्ची घेऊन धावले. "आजोबा, तुम्हाला लाइन नाही, डायरेक्ट आत." आबांनी मान हलवली आणि पुरुषांच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. शेजारच्या बायकांच्या रांगेत मुलगी आणि मी उभ्या राहिलो. आमची रांग पुढे सरकली की ती मागच्या बायकांना पुढे सोडायची आणि स्वतः आबांच्या बरोबरीने थांबायची. पाऊण तास लागला. स्टुलावर ते एकदाही बसले नाहीत.

टेबलापाशी यादी बघणाऱ्याने मान वर केली. "आजोबा, तुमचं घरून मतदान आहे. इथे नाही देता येणार."

"ठाऊक आहे," आबा म्हणाले. "उभं राहायचं होतं." आणि मागच्या माणसाला वाट देऊन बाजूला झाले. त्या क्षणी मला माझी इतकी लाज वाटली की माझ्या बोटाला शाई लावणाऱ्या बाईंकडेही मी बघितलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी नातीचं बोट हातात घेऊन शाई बघितली. ती म्हणाली, "सॉरी आजोबा." मी स्टूल घेऊन दारातच उभी होते. आबांनी मला जवळ बोलावलं. "पुढच्या वेळी मला विचारशील?"

"हो," मी म्हणाले. पाच वर्षांनी ते ब्याण्णवचे असतील.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना सवयीने कडीवर हात गेला. मी परत आत आले. आबा खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांच्या मांडीवर भिंग होतं.

"आबा, बाहेरून कडी लावू?" मी पहिल्यांदाच विचारलं.

त्यांनी पेपरातून डोकं वर काढून माझ्याकडे बघितलं, जरा हसले.

"लाव," ते म्हणाले. "आता कुठे जायचंय."

मी कडी लावली आणि जिना उतरले.