राणी एकच दिसली

परळच्या आमच्या चाळीत गॅलरीच्या टोकाला कॅरम कायमचा मांडलेला असतो. तिथे मी भल्याभल्या बाप्यांची जिरवलीय, आणि हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही. मंडळाच्या टीममध्ये मी एकटीच बाई. टीम निवडायचे शेजारचे काका, ज्यांनी लहानपणी मला स्ट्रायकर धरायला शिकवलं तेच.

मग सोंगट्यांना शेपट्या फुटायला लागल्या. लाल राणी दिसायची ती एक, आणि तिच्या बाजूला तिरकी, फिकट अशी दुसरी. उजव्या डोळ्यात हे जास्त, आणि माझा नेम सगळा उजव्याच डोळ्याचा! चष्मे बदलून झाले, काही फरक नाही. शेवटी मी जुगाड केला. खरी राणी आणि तिचं भूत यांच्या मधोमध मारायचं. कधी जमायचं, कधी सपशेल फाऊल. एक दिवस काका सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरी, यंदा तू बस जरा. तुझ्या जागी माझा भाचा खेळेल."

भाचा! ज्याला राणी घेतल्यावर कव्हर घ्यायचं असतं याचं भान नसतं, तो! घरी येऊन ढसाढसा रडले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "केराटोकोनस. बुबुळावरची पारदर्शक काच असते ना, कॉर्निया, ती पातळ होऊन टोकदार झालीय. डोळे फार चोळतेस का?" मी माझ्या बोटांकडे बघितलं. नखांत कॅरमची पावडर! आमच्याकडे सगळेच मनगटापर्यंत पांढरे, आणि डोळ्याला खाज आली की त्याच हातांनी चोळायचं. पुन्हा खाज, पुन्हा चोळणं.

उपाय म्हणजे ऑपरेशन. लेझरने कॉर्नियाच्या आत बारीक वाट करायची, तीत चंद्रकोरीसारख्या वाकड्या दोन चिमुकल्या रिंगा सरकवायच्या, की टोक दबतं. आई मालवणीत उसळली, "माझ्या चेडवाच्या डोळ्यात प्लास्टिक घालतलात?" डॉक्टर हसल्या. चष्मा सुटणार नाही, पण नजर बरीच नीट होईल, म्हणाल्या.

मी जाम घाबरले होते. बिघडलं तर कॅरम संपला. थेंबांनी डोळा बधिर केला, पण मी टक्क जागी. "दिव्याकडे बघ, हलू नकोस." हे मात्र मला येतं! शॉट मारताना धरते तसा श्वास धरला आणि पापणीसुद्धा हलवली नाही. "अशी पेशंट रोज मिळावी," डॉक्टर म्हणाल्या.

मग काळा गॉगल, थेंब आणि आईचा पहारा. माझं बोट गालापर्यंत आलं की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "हात खाली!" हळूहळू नजर बसली, चष्मा नवा आला, आणि एका संध्याकाळी मी काकांसमोर उभी राहिले. "भाच्याला बसवा समोर. जिंकेल तो टीममध्ये."

अख्खी गॅलरी जमली. मोक्याची राणी समोर आली, मी मारली, आणि स्ट्रायकर बाजूने गेला! कुणीतरी फिस्सकन हसलं. भाचाही चुकला. पुन्हा माझी पाळी आली तेव्हा मी बोर्डाकडे नीट बघितलं. राणी एकच होती, कडा स्वच्छ, शेपूट नाही. डोळा सुधारला होता, हात मात्र अजून जुन्या सवयीने भुताच्या हिशेबानेच मारत होता. अगं बये, आहे तिथे मार ना!

मारली. राणी आत, पाठोपाठ कव्हर आत. पुढे भाच्याला मी डोकं वर काढू दिलं नाही. शेवटची सोंगटी पडली तशी गॅलरी दणाणली, आणि मी चक्क उडी मारली.

काकांनी खिशातला स्वतःचा जुना स्ट्रायकर काढून माझ्या हातात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि पावडरने माखलेला हात डोळ्याकडे निघाला होता. मी तो वरच्या वर धरला.

"काका, हात खाली!"