हिंगाच्या डबीमागची अक्षरं

मसाल्यांचा कप्पा पुसताना हिंगाची डबी हाताला लागली, आणि तिच्या मागची मुंगीएवढी अक्षरं मी आज पहिल्यांदा वाचली. त्यांत गव्हाचं पीठ होतं.

जेवल्यावर पोट कशानं दुखतं ते कळावं, म्हणून डॉक्टरांनी तीन आठवडे गहू आणि दूध पूर्ण बंद करायला सांगितलंय. फ्रिजवर यादी लावून मी सतरा दिवस कोरा चहा प्यायले, पोळ्या फक्त इतरांसाठी लाटल्या. आणि रोजच्या आमटीत हिंग मात्र स्वतःच्याच हातानं घातला.

"अगं, चिमूटभर हिंगानं काय होतंय?" नवरा हसत म्हणाला. "चारच दिवस राहिलेत, रेट की!"

"काय होतंय, तेच तर शोधतेय ना मी!"

डबीचा राग आला, स्वतःचाही आला. पण त्याहून जास्त त्या हसण्याचा आला. यांना मीठ कमी करायला सांगितलं, तेव्हा सगळं घर महिनाभर मुकाट्यानं अळणी जेवलं. माझं पथ्य तेवढं माझ्या एकटीच्या ताटात राहिलं, आणि तिथंही त्याची थट्टाच झाली.

डबी मी कचऱ्यात टाकली. उद्या माझा पुन्हा पहिला दिवस. आमटी सगळ्यांनाच बिनहिंगाची.