गुप्तहेर, मास्तर आणि मावशी

माझी मावशी एका छापखान्यात प्रूफं तपासायची. तो छापखाना चालायचा एका गुप्तहेराच्या जिवावर. दर महिन्याला त्याचं एक नवं पुस्तक निघायचं. लिहायचे भूगोलाचे एक निवृत्त मास्तर, जे स्वतः झुरळाला भिऊन खुर्चीवर चढायचे.

सुरुवातीच्या दहा पुस्तकांतला गुप्तहेर मावशीला फार आवडायचा. फाटके बूट, रिकामं पोट आणि जिभेला हाड नाही. बेदम मार खाऊन तो खरं शोधायचा आणि कोणी साधे आभारही मानायचं नाही. “असा नवरा नको बाई,” मावशी म्हणायची, “पण शेजारी असावा.”

मग पुस्तकं धडाधड खपू लागली आणि गुप्तहेराने बाळसं धरलं. तिसाव्या पुस्तकात मोटार आली, चाळिसाव्यात सेक्रेटरी, पन्नासाव्यात हरवलेला जुळा भाऊ. बाराव्यात मेलेला खुनी साठाव्यात आरामात चहा पिताना सापडला, तेव्हा मात्र मावशी तरातरा मास्तरांच्या घरी गेली.

“मास्तर, हा मेलाय! त्याच्या शेवटच्या किंकाळीतला ऱ्हस्व-दीर्घ मी स्वतः सुधारलाय.”

“नवीन खुनी रोज आणू कुठून?” मास्तर कळवळले. “मालक म्हणतो, लोकांना तेच हवंय. मला तर हा गुप्तहेर डोळ्यांसमोर नको झालाय.”

“मग मारा की त्याला.”

मास्तरांनी त्याला कड्यावरून ढकलला आणि लिहिणं सोडलं. मालकाने पुढच्याच महिन्यात दुसऱ्या लेखकाकरवी त्याला वर काढला आणि थेट चंद्रावर धाडला. वाचकांनी हात जोडले. गठ्ठेच्या गठ्ठे परत यायला लागले. दुसरा लेखकही पळाला, तेव्हा मालक मावशीपुढे आला.

“तुम्हीच लिहा. त्याची कुंडली तुम्हाला पाठ आहे.”

मावशीने दुपारी जेवणाच्या सुट्टीत बसून लिहिलं. तिचा गुप्तहेर म्हातारा होता, गुडघे दुखणारा. एका धोबिणीचा पळालेला नवरा तो शोधतो. नवरा दुसऱ्या गावात सुखात असतो. हे धोबिणीला सांगायचं कसं, यातच अर्धं पुस्तक. एकही गोळी सुटत नाही.

पुस्तक पडलं. मालिका बंद झाली. मास्तरांनी मात्र ते एका बैठकीत वाचलं आणि छापखान्यात येऊन मावशीच्या टेबलासमोर उभे राहिले.

“हा माझाच आहे हो,” ते म्हणाले. “मला वाटलं होतं, गेला.”

मावशीने त्यांना बसायला स्टूल दिलं.