वेगळं फुलपात्र

कोड आधी बोटांवर आलं, तेव्हा मी ते खपवून घेतलं. ओठांवर आलं तेव्हा मात्र मला स्वतःचीच किळस यायला लागली. आई बावचीचं तेल चोळायची. त्यानं कातडी भाजायची, फोड यायचे, फुटून पाणी वाहायचं. तो वास जेवतानाही नाकातून जात नसे.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. इस्लामपूरकडच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाला भाकरीच्या तुकड्यासोबत सगळ्यांना पाजायचा रस घरीच व्हायचा. शनिवारी काळ्या मनुका उकळायच्या आणि गाळायच्या. बायकांच्या मंडळात त्याच्या पाळ्या असत. माझी पाळी आली, की कुणीतरी आधीच मनुका घेऊन गेलेलं असायचं. कोड लागत नाही, हे मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आईला स्पष्ट सांगितलं होतं. चर्चमध्येही ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण प्याला एकच आणि त्याला साऱ्यांचे ओठ. माझ्यानंतर पाळकसाहेब त्याची कड घासून घासून पुसत. बाहेर हीच माणसं 'आपण एका देवाची लेकरं' म्हणत गोड बोलायची. ओठांत एक अन् पोटात एक. माझ्या कोडापेक्षा त्या गोडव्याची मला जास्त शिसारी यायची.

एका संध्याकाळी चर्चच्या पंचांपैकी एक गुरुजी घरी आले. आमच्याच बशीतला चहा भुरकत म्हणाले, "मुलीची सोय म्हणून तिच्यापुरतं वेगळं फुलपात्र ठेवावं म्हणतो. प्रभू भाव बघतो, भांडं नाही."

दादांनी, माझ्या वडिलांनी, मान डोलावली. आईनं पदर तोंडाला लावला. याच माणसाच्या बापाला गावच्या हॉटेलात बाहेरच्या फळीवरची कपबशी उचलावी लागे आणि पिऊन झाल्यावर स्वतः विसळून ठेवावी लागे. असल्या कपबश्यांना कंटाळून आमची माणसं ख्रिस्ती झाली, आणि हा शिकलासवरलेला माणूस तीच फळी प्रभूच्या देवळात ठोकायला निघाला होता! मी ठरवलं, फुलपात्र समोर आलं की उठायचं. पुन्हा त्या देवळात पाऊल टाकायचं नाही.

रविवारी मी वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकले. माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती. पाळकसाहेब प्याला घेऊन पुढं सरकले आणि त्यांच्या मागून गुरुजींनी फुलपात्र धरलं. मी उठणार, तेवढ्यात मंडळाच्या म्हाताऱ्या प्रमुख, आमच्या आक्का, कण्हत कण्हत माझ्या अंगाला अंग लावून टेकल्या. त्यांनी फुलपात्र गुरुजींच्या हातातून काढून माझ्या हातात दिलं.

"पी."

मी घोट घेतला. आक्कांनी ते लगेच ओढून घेतलं आणि माझे ओठ लागले होते तिथंच तोंड लावलं.

"आक्का, त्ये तिच्यापुरतं हाय," गुरुजी कुजबुजले. घाबरल्यावर त्यांची शुद्ध भाषा पळाली.

"व्हय रं? मग आमी बी तिच्यातल्याच. देवानं घडीवल्यालं त्वांड हाय त्ये. तू कोन नाक मुरडनार?"

मागं वळून त्यांनी बायकांकडे नुसतं पाहिलं. एकेक उठून आली. माझी पाळी खाणाऱ्याही आल्या, गुरुजींची बायकोही आली. पाळकसाहेबांचा प्याला हातातच राहिला. रस संपला तेव्हा आक्कांनी फुलपात्र त्यांच्यापुढं धरलं आणि त्यांनी मुकाट्यानं प्याल्यातला रस त्यात ओतला.

सगळ्यांचं झाल्यावर ते माझ्याकडे परत आलं. कडेला मिश्रीचा काळा ओघळ, बोटांचं खोबरेल, रसात भिजलेला भाकरीचा कण. दुसऱ्या कुणाचं असलं भांडं मी हातातसुद्धा धरलं नसतं. मी त्याच कडेला माझे पांढरे ओठ लावले आणि तळापर्यंत प्याले.