कॅमेऱ्यापुरती ताडपत्री

चक्रीवादळानं ब्रह्मदेशातल्या इरावडी नदीच्या मुखावरचं गाव धुऊन नेलं, तेव्हा दॉ ओन मे पासष्टीची होती. चाळीस वर्षं ती गावाची सुईण. जी पोरं तिच्या हातांवर जन्मली, त्यांतली कितीतरी आता तिनंच चिखलातून मेलेली ओढून काढली. परदेशी डॉक्टरांची बोट सैन्यानं नाक्यावरूनच माघारी धाडली, तेव्हाही ती गप्प राहिली.

दहाव्या दिवशी सैनिक कॅमेरा आणि तांदळाची पोती घेऊन मदत वाटायला आले. परदेशी ताडपत्र्यांवर त्यांनी आपल्या जनरलच्या नावाच्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या. कॅमेऱ्यासमोर दॉ ओन मेनं दोन्ही हातांनी ताडपत्री घेतली. कॅमेरा बंद होताच सार्जंट म्हणाला, "आजी, आणा ती इकडे. पुढच्या गावात दाखवायचीय."

"मा प्यू बाळंत होतेय. तिच्या डोक्यावर छप्पर नाही."

"मला वर जाब द्यावा लागतो, आजी."

"मग मलाही घेऊन चला," असं म्हणून ती ताडपत्रीवर फतकल मारून बसली. जन्मात पहिल्यांदाच तिनं कुणा शिपायाचं ऐकलं नव्हतं.

दोघांनी तिला उचलून बाजूला ठेवलं आणि ताडपत्री नेली. जाताना तांदळाची पोतीही नेली.

मा प्यू भर पावसात बाळंत झाली. बायकांनी वर लुंग्या धरल्या होत्या. मुलगी वाचली, आई गेली.

"मावशी, गप्प बसली असतीस तर निदान तांदूळ तरी मिळाला असता," शेजारीण म्हणाली.

दॉ ओन मे बाळाला पुसत राहिली. शेजारणीचं म्हणणं खोटं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.