लागलं का, जावईबापू?

धक्कामामाचा मार खाल्ला नाही असा गडी त्या कामावर दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. रंगारी, वेल्डर, काचवाले, वायरिंगवाले, झाडून सगळ्यांच्या पाठीवर त्याच्या पंजाची खूण पडून गेलेली. एका वेल्डरचा तर त्याने पुढचा दातच पाडला होता. तो वेल्डर हसला की त्या फटीतून शिट्टी वाजायची, आणि शिट्टी ऐकू आली की नवे गडी मुकाट्याने आपापले हूक चाचपून बघायचे.

काम बावीस मजल्यांच्या इमारतीचं. मामा परांचीवाल्यांचा मुकादम. परांची म्हणजे पाइप, क्लॅम्प आणि फळ्यांचा तो उभा सांगाडा, जो इमारतीच्या अंगाबाहेरून वर चढवायचा आणि काम संपलं की वरून खाली उतरवत यायचा. इमारतीच्या काठाने एक लोखंडी तार ताणलेली. प्रत्येकाच्या अंगात पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरीला हूक. तो हूक तारेला लावायचा आणि मगच पाऊल बाहेर. एवढंच. पण माणसाला एवढंच जमत नाही.

म्हणून मामाची पद्धत. मांजराच्या पावलांनी मागून यायचं आणि उजव्या हाताने पाठीत असा रट्टा घालायचा की गडी फळीवरून थेट हवेत. हूक तारेला असेल तर तो दोन हात खाली लोंबकळत मामाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. त्या शिव्या ऐकून मामाचा चेहरा कसा खुलायचा! हूक नसेल तर गड्याच्या पट्ट्याची पाठ मामाच्या डाव्या मुठीत आधीच आवळलेली असायची. त्याला ओढून आत घ्यायचा, आणि मग खरा मार सुरू. लाथा, बुक्क्या, एकदा तर हातातल्या पान्याने.

आता याला कोणी शहाणपण म्हणणार नाही. सेफ्टीच्या साहेबांनी त्याला तीन वेळा लेखी समज दिली. मामाने तिन्ही वेळा "साहेब, मला कुठलं वाचता येतंय" म्हणून हात जोडले. प्रत्यक्षात हा गृहस्थ रोज अख्खं वर्तमानपत्र वधूवरांच्या जाहिरातींसकट वाचून काढायचा आणि जेवणाच्या सुट्टीत कोणाला कशी बायको हवी आहे ते सगळ्यांना सांगायचा.

पण अकरा वर्षांपूर्वी मामा असा नव्हता. तेव्हा तोही इतरांसारखा तोंडाने विचारायचा. रीतच होती ती. बाहेर जाणाऱ्याला जोडीदाराने विचारायचं, "लागलं का?" त्याने म्हणायचं, "लागलं!" म्हणजे हूक लागला, आता खुशाल जा. तेव्हा मामाचा जोडीदार होता त्याचा मेहुणा, मामीचा पाठचा भाऊ. हसतमुख, नकला करण्यात पटाईत, मामाची चाल तर अशी करायचा की खुद्द मामाला कंबर दुखल्यासारखं व्हायचं. नवव्या मजल्यावर मामाने विचारलं, "लागलं का?" मेहुणा म्हणाला, "लागलं!" आणि फळी सरकली.

मामा जिने उतरून खाली पोचला तेव्हा शेजारच्या इमारतीच्या पायासाठी उभ्या केलेल्या सळ्यांपैकी एक मेहुण्याच्या मांडीतून वर आली होती, दुसरी बरगड्यांतून. डोळे उघडे होते. मामाच्या तोंडून सवयीने निघालं, "लागलं का रे?" त्यावर मेहुण्याचे ओठ हसल्यासारखे हलले, असं तिथे असलेले लोक सांगतात. मग संपलं.

पट्टा काढला तेव्हा हूक त्याच्याच कमरेच्या कड्यात अडकवलेला सापडला. गड्यांच्या भाषेत याला 'स्वयंवर' म्हणतात: आपली माळ आपणच आपल्या गळ्यात घालायची. दर चार हातांवर हूक काढा, पुढे लावा, याचा कंटाळा येतो. स्वयंवर केलं की हात मोकळे. लांबून बघणाऱ्याला दोरी दिसते, हूक अडकलेला दिसतो, आणि "लागलं" म्हणणारा खोटंही बोलत नसतो. लागलेलंच असतं. स्वतःला.

घरी मामीने सगळं ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न केला.

"तुम्ही विचारलंत?"

"विचारलं. म्हणाला, लागलं."

"विचारलंत. बघितलं नाहीत."

आणि हातातलं लाटणं तिने असं भिरकावलं की मामाची डावी भुवई फाटली. पाच टाके. ती भुवई अजून दुभंगलेली आहे आणि लोक समजतात परांचीवरून पडला असेल. त्या दिवसापासून मामाने विचारणं सोडलं आणि धक्का सुरू केला.

मामाला एकच लेक. तिने लग्न जमवलं तेही कोणाशी, तर काचा बसवणाऱ्याशी. रुबाबदार पोरगा, केसांना जेल, बोलायला गोड. लग्नाला महिना झाला नाही तोच जावईबापू सासुरवाडीला टेबलावर खुर्ची, खुर्चीवर स्टूल ठेवून पंखा साफ करायला चढले. मामा बाहेरून आला, वर बघितलं आणि हात शिवशिवले. त्याने जावयाचा पाय धरून त्याला खाली खेचला आणि जमिनीवर पडल्या पडल्या कानाखाली दोन ठेवून दिल्या. जावयाचं मनगट मुरगळलं. लेक दोन महिने बापाशी बोलली नाही, आणि बोलली ती अटीवर.

"बाबा, यांच्या अंगाला पुन्हा हात लावलात तर मी या घराचा उंबरा चढणार नाही. माझी शपथ घ्या."

"अगं, पण..."

"शपथ."

मामाने घेतली. आणि बघा कसं असतं, सहा महिन्यांत त्या जावयाला मामाच्याच कामावर नेमणूक मिळाली. सतराव्या मजल्यावर काचा लागायच्या होत्या, त्याआधी परांची उतरवायची होती, माणसं कमी होती, म्हणून काचवाल्यांनाही परांचीवर चढवलं. कामावर नुसती धमाल उडाली. सगळे मामाला मामा म्हणायचे, पण हा एकटाच हक्काने म्हणणारा! शिट्टीवाला वेल्डर तर रोज विचारायचा, "मामा, आज जावयाला धक्का की ओवाळणी?"

मामा बिचारा दात खायचा आणि कामाला लागायचा. सगळ्यांना हाताने तपासायचा, जावयाला तेवढं तोंडाने विचारायचा.

"लागलं का, जावईबापू?"

"लागलं, मामा!"

विचारताना त्याचा आवाज असा मवाळ व्हायचा की वरच्या मजल्यावरचे गडी कान देऊन ऐकायचे आणि त्याची नक्कल करायचे. जावयाला ते झोंबायचं. सासऱ्याच्या दोरीला बांधलेलं वासरू, असं त्याला कोणीतरी म्हटलं होतं. त्या दिवसापासून त्याने चोरून स्वयंवर सुरू केलं.

त्या दुपारी वारा होता. सतराव्या मजल्याबाहेर शेवटच्या दोन फळ्या उरल्या होत्या. जावई बाहेरच्या फळीवर, मामा तीन हात अलीकडे, एक हात तारेवर. हूक तारेत अडकला की ती तार तळव्यात झणझणते. चाळीस वर्षं तारेवर हात ठेवणाऱ्याला ती झणझण झोपेतही ओळखू येते.

"लागलं का, जावईबापू?"

"लागलं!"

तार गप्प होती.

जावई पाठमोरा, सैल सदरा कमरेवर फडफडतोय, दोरी सदऱ्याखाली कुठेतरी गेलेली. उजवा हात उठला, पण लेकीची शपथ आठवली आणि तो हवेतच थांबला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने दुसऱ्यांदा विचारलं.

"कशाला लागलंय?"

"मामा, लागलं म्हटलं ना एकदा! का आता लेखी देऊ?"

वरून कोणीतरी फिदीफिदी हसलं. जावयाने हातोडा उचलला आणि क्लॅम्पवर घातला. गंजका क्लॅम्प फुटला, पाइप उसळून त्याच्या गुडघ्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज आला आणि फळी उलटली.

मामा शपथेसकट बाहेर झेपावला. डाव्या मुठीत जावयाच्या पट्ट्याची पाठ आली, उजव्यात केसांचा झुबका. दोघे मिळून दोन पुरुष उंची खाली गेले. मामाच्या दोरीला धक्का खाण्यासाठी शिवलेली घडी होती, ती टराटरा उसवत गेली आणि मग हिसका बसला. मामाच्या गळ्याजवळचं हाड काटकीसारखं मोडलं. झोका मागे आला तसं जावयाचं तोंड सोळाव्या मजल्याच्या स्लॅबच्या कडेवर आदळलं. नाक बसलं, तीन दात निखळले, रक्ताचा फवारा मामाच्या डोळ्यांत.

जावई ओरडत हातपाय झाडू लागला. त्याच्या टाचा मामाच्या नडगीवर, कोपर मामाच्या जबड्यावर. मामाची मूठ सुटत चालली.

"हलू नका, जावईबापू!"

ऐकतो कोण? खाली सोळा मजले होते आणि तो बुडणाऱ्या माणसासारखा मामाच्या अंगावर चढू बघत होता. तेव्हा मामाने डोकं मागे घेतलं आणि त्याच्या कपाळावर असं हाणलं की दोघांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग गुडघा बरगडीत. मग पुन्हा डोकं, या वेळी कानावर.

"गाढवा! हलशील तर मीच सोडून देईन! हूक कुठे आहे तुझा?"

जावई हलायचा थांबला. थुंकीतून दात बाहेर टाकून म्हणाला, "कमरेला."

"काढ. माझ्या छातीवरचं कडं दिसतंय? त्यात घाल."

रक्ताने निसरडी झालेली बोटं. हूक दोनदा सटकला. मामाची करंगळी उघडली, मग तिच्याशेजारचं बोट.

"लागलं?" मामाने विचारलं.

"लागलं."

मामाने मान वाकवली. मोडलेलं हाड कातडीखाली करकरलं, तरी वाकवली आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. हूक कड्यात होता, त्याचं तोंड मिटलेलं होतं. तेव्हाच त्याने मूठ सोडली.

सोळाव्या मजल्यावरून शिट्टीवाल्या वेल्डरने आणि चार गड्यांनी दोघांना पाइपच्या आकड्याने आत ओढलं. आत आल्यावर जावई ओकला आणि मामा त्याच्याच अंगावर बेशुद्ध पडला.

हॉस्पिटलात दोन खाटा शेजारी शेजारी. लेक आणि मामी एकदमच आल्या. लेकीने आधी बापाची पट्टी बघितली, मग नवऱ्याचं तोंड. नाकावर टाके, गुडघा प्लॅस्टरमध्ये. ते तिला समजलं. मग तिची नजर कानावर गेली. कान वांग्यासारखा काळानिळा झाला होता.

"हे कसलं?"

"पडताना लागलं," जावई बोळक्या तोंडाने म्हणाला.

मामाने छताकडे बघत म्हटलं, "खोटं बोलतायत ते. मी मारलं. डोक्याने. दोनदा. गुडघा वेगळा."

लेकीचा चेहरा दगडासारखा झाला. मामाला वाटलं, आता ती उठेल, जाईल आणि पुन्हा उंबरा चढणार नाही. पण ती उठली नाही. तिने खाटेखाली ठेवलेला नवऱ्याचा पट्टा ओढून बाहेर काढला. परांचीवाल्याच्या घरात वाढलेली पोर ती. कमरेचं कडं हुकाने घासून चकाकत होतं, महिना दीड महिना रोज घासल्यासारखं. मामीनेही ते बघितलं आणि भिंतीला हात टेकला.

"बाबा, तुम्ही विचारलंत?"

"दोनदा."

"बघितलं नाहीत?"

मामा म्हणाला, "तुझी शपथ होती ना गं."

लेक मान खाली घालून पट्टा गुंडाळत बसली. मग तो तिने बापाच्या पायाशी ठेवला.

"शपथ सुटली," ती म्हणाली. "उद्यापासून हात लावा. रोज लावा."

मग नवऱ्याच्या खाटेकडे वळून तिने हात उगारला. जावयाने डोळे मिटले.

"त्या बाजूला नको, टाके आहेत," मामी डोळे पुसत म्हणाली. "दुसऱ्या बाजूला."

आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. नर्स धावत आली.

"लागलं?" लेकीने विचारलं.

"लागलं," जावई म्हणाला.

मामाने तरीही मान वाकवून बघितलं. गालावर पाचही बोटं उठली होती.